किलोभर बांगड्यांतले दहा ग्रॅम

आषाढात आमच्या घरी काही गोष्टी ठरलेल्या. मागचं दार फुगून उंबऱ्याला अडतं आणि खांदा लावल्याशिवाय लागत नाही. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या जाड मिठाला बरणीत पाणी सुटतं. पापड घट्ट झाकणाच्या डब्यातही सादळतात. स्टीलची ताटं मात्र जशीच्या तशी. ओलावा घरभर सारखाच, पण दार तो एका मापाने पितं, मीठ दुसऱ्या मापाने, आणि ताट अजिबात पीत नाही.

अशाच एका ओल्या दुपारी अकरावी सायन्सला असलेला माझा भाचा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आला.

"मावशी, इथे एकच ओळ आहे. हिग्ज बोसॉन हा कण पदार्थाला वस्तुमान देतो. देतो म्हणजे काय? पोस्टमनसारखा वाटत फिरतो?"

मी हसले, पण त्याचं बरोबर होतं. ती ओळ सोयीची आहे, खरी मात्र थोडीच. वस्तुमान तो कण देत नाही. ज्याच्यामुळे ते मिळतं त्याच्याकडूनही पदार्थाचं बहुतेक वस्तुमान येत नाही. आणि तरीही त्या कणासाठी माणसांनी ४८ वर्षं वाट पाहिली, जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात यंत्र बसवलं. हे तिन्ही एकदम खरं कसं, ते त्याला सांगताना मिठाची बरणीच हाताशी होती.

सुरुवात क्षेत्र या शब्दापासून. हवामान खात्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक ठिकाणाला एक आकडा: इथे आर्द्रता इतकी, तिथे तितकी. भौतिकशास्त्रातलं क्षेत्र म्हणजे असाच, जागेच्या प्रत्येक बिंदूला चिकटलेला आकडा. चुंबकाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. चुंबक दूर नेला की ते विरत विरत शून्यावर येतं. हिग्ज क्षेत्राचा स्वभाव इथेच वेगळा. जवळपास काहीही नसताना, अगदी निखळ पोकळीतसुद्धा ते शून्य नसतं. फोंड्यात जेवढं, चंद्रावर तेवढंच, दोन आकाशगंगांच्या मधल्या ओसाड जागेतही तेवढंच. जणू सगळं विश्व एकाच मापाने दमट आहे.

या दमटपणात मूलकण वावरतात, आणि प्रत्येकाची तो पिण्याची ताकद वेगळी. इलेक्ट्रॉन अगदी थोडा पितो. टॉप क्वार्क नावाचा कण त्याच्या सुमारे ३ लाख ४० हजार पट पितो. प्रकाशाचा कण, फोटॉन, आमच्या स्टीलच्या ताटासारखा कोरडाच. जो जितका पितो तितकं त्याचं वस्तुमान. कुणी किती प्यायचं हे कशावरून ठरतं, ते मात्र आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. प्रयोगात मोजलेले आकडे आहेत, त्यांच्यामागचं कारण नाही.

ही उपमा कुठे तुटते तेही सांगायला हवं. पुष्कळ ठिकाणी हिग्ज क्षेत्र म्हणजे चिखल, आणि कण म्हणजे त्यातून पाय ओढत चालणारा माणूस, असं लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. खाजन शेताच्या चिखलात चालणं थांबवलं की माणूस जागच्या जागी उभा राहतो. चिखल वेग खातो. पोकळीतून सुटलेला इलेक्ट्रॉन मात्र हिग्ज क्षेत्रातूनच युगानुयुगं त्याच वेगाने जात राहील. वस्तुमान म्हणजे वेगाला विरोध नव्हे, वेग बदलण्याला विरोध. माझा ओलावा चिखलापेक्षा बरा, पण तोही पुरता खरा नाही, कारण दारात खरोखर पाणी मुरतं आणि इलेक्ट्रॉनमध्ये असं काही मुरत नाही. शिवाय आपण घाट चढून विजापूरकडे गेलो की पापड पुन्हा कुरकुरीत होतात, आणि गोव्यात किती दमट होतं ते तिथे कळतं. विश्वात असा घाटच नाही. कोरडी जागा कुठे नाहीच, म्हणून ओल आहे हे इतकी शतकं कुणाच्या लक्षात आलं नाही.

काळात मागे गेलं तर कोरडेपणा सापडतो. महास्फोटानंतर पहिल्या सेकंदाच्या इवल्याशा अंशात विश्व इतकं तापलेलं होतं की हिग्ज क्षेत्र शून्यावर होतं, आणि इलेक्ट्रॉन, क्वार्क सगळे बिनवस्तुमानाचे, प्रकाशाच्या वेगाने पळत होते. विश्व निवलं आणि पहाटे गवतावर दव धरावं तसं क्षेत्र 'धरलं'. तेव्हापासूनचा हा ओलावा.

आता बांगड्यांकडे येऊ. पावसात मासेमारी बंद असताना ताज्या बांगड्याचं नाव काढणं म्हणजे जखमेवर मीठच, पण हिशेब त्याच्यावरच सोपा पडतो. तागडीत एक किलो बांगडे आहेत. त्या किलोत हिग्जमुळे आलेलं वस्तुमान किती? सुमारे दहा ग्रॅम.

बाकीचे ९९० ग्रॅम कुठून आले? बांगडा अणूंचा, आणि अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या केंद्रकात, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये. प्रोटॉन तीन क्वार्कांचा: दोन 'अप', एक 'डाउन'. या तिघांनी हिग्ज क्षेत्राकडून घेतलेल्या वस्तुमानाची बेरीज केली तर ती प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेले ९९ टक्के म्हणजे ऊर्जा: क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची त्या चिमुकल्या जागेत कोंडलेली अखंड धावपळ. कोंडलेली ऊर्जा बाहेरून वस्तुमान म्हणूनच मोजली जाते, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं. तेव्हा बाजारात आपण पैसे मोजतो ते बहुतांशी या धावपळीचे.

मग ते दहा ग्रॅम वगळले तर गिऱ्हाइकाला काय फरक पडेल? वजनात पडणार नाही. पण अणू केवढा असतो हे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतं. इलेक्ट्रॉन निम्मा हलका झाला तर अणू दुप्पट फुगतो. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान शून्य झालं तर अणू बांधलाच जात नाही, आणि मग ना रसायन, ना खवले, ना काटे. दुसरी गोष्ट आणखी नाजूक आहे. डाउन क्वार्क अपपेक्षा किंचित जड आहे, म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सातशेव्या हिश्शाच्या आसपास जड भरतो. हे उलटं असतं तर सुटा प्रोटॉन मोडून न्यूट्रॉन झाला असता, हायड्रोजन टिकला नसता, पाणी झालं नसतं. बांगडा सोडाच, समुद्रही नसता.

पण हिग्ज क्षेत्राची कल्पना निघाली ती बांगड्यासाठी नव्हे, आणि इलेक्ट्रॉनसाठीही नव्हे. अडचण होती क्षीण बलाची. सूर्य जळतो त्याची पहिली पायरी या बलाशिवाय होत नाही. प्रोटॉनचा न्यूट्रॉन तेच करतं. १९५०-६० च्या दशकांत या बलाचं गणित मांडणाऱ्यांना एक सुंदर सममिती सापडली, आणि सममितीची अट अशी की बल वाहून नेणाऱ्या कणांचं वस्तुमान शून्यच हवं. तसं असतं तर ते बल प्रकाशासारखं दूरवर पोचलं असतं. प्रत्यक्षात त्याची पोच प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी, म्हणजे वाहक चांगलेच जड असले पाहिजेत. वस्तुमान हाताने समीकरणात घुसडावं तर गणित मोडतं, उत्तरं अनंत येतात.

सुटका सुचली ती १९६४ मध्ये, तीन ठिकाणी. ब्रसेल्सला रॉबर्ट ब्राउट आणि फ्रांस्वा आंग्लेर, एडिंबरोला पीटर हिग्ज, लंडनला जेराल्ड गुराल्निक, कार्ल हेगन आणि टॉम किबल. सममिती समीकरणात तशीच ठेवायची, पण पोकळीच अशी मानायची की ती सममिती झाकून टाकते. वाहक मुळात बिनवस्तुमानाचेच, दमट पोकळीत ते जड होतात. हिग्जचा दुसरा शोधनिबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. त्याचे संपादक जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतच बसत, हा योगायोग पुढे फार मजेशीर ठरला. हिग्जने शेवटी काही ओळी वाढवल्या, की हे क्षेत्र खरं असेल तर त्याचा स्वतःचा असा एक जड कण सापडायला हवा, आणि निबंध अमेरिकेला दुसरीकडे धाडला. कणाला त्याचं नाव चिकटलं त्यात या वाढीव ओळींचा वाटा मोठा.

बोसॉन हा शब्द मात्र आपल्याकडचा: सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून. ढाक्याला शिकवत असताना १९२४ मध्ये त्यांनी प्रकाशकणांची मोजदाद करण्याची जी रीत शोधली, ती पाळणाऱ्या सगळ्या कणांना पॉल डिरॅकने बोसॉन म्हटलं. बोसांनीच हा कण शोधला होता असं कुणी सांगितलं तर मानू नका; त्यांचं मूळ काम तेवढंच मोठं आहे, त्याला ही जोड नको. आणि 'देवकण' हे नाव लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाच्या शीर्षकातून आलं. हिग्ज यांना ते कधी आवडलं नाही. मलाही नाही.

त्या वाढीव ओळींतला कण का शोधायचा? क्षेत्र बंद करून बघता येत नाही. पण त्याला जोराचा धक्का देता येतो, आणि धक्का बसला की क्षेत्रात तरंग उठतो. क्षेत्रातला लहानात लहान तरंग म्हणजेच त्याचा कण. विद्युतचुंबकीय क्षेत्राचा फोटॉन, तसा हिग्ज क्षेत्राचा हिग्ज बोसॉन. ओलावा दिसत नसेल तर हवेतून निदान एक थेंब पाडून दाखवा, असं ते काम. वस्तुमान 'देतो' तो ओलावा. थेंब फक्त साक्षीदार.

१९६७-६८ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांनी ही युक्ती क्षीण बलाला लावली. १९८३ मध्ये सर्नमध्ये डब्ल्यू आणि झेड हे वाहक सापडले, प्रोटॉनच्या सुमारे ८६ आणि ९७ पट जड, अपेक्षेबरहुकूम. थेंब तेवढा राहिला. मेख अशी की त्याचं स्वतःचं वस्तुमान सिद्धांत सांगत नव्हता. वाड्यावर जायचंय, माणसाचं नाव माहीत आहे, घर कुठलं ते ठाऊक नाही. मग प्रत्येक दार ठोठावत जायचं. सर्नच्या जुन्या यंत्राने २००० सालापर्यंत ठोठावलं आणि प्रोटॉनच्या १२२ पटींच्या खाली तो नाही एवढं सांगून ते बंद पडलं. अमेरिकेने टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला होता. १९९३ मध्ये, सुमारे दोन अब्ज डॉलर मातीत घातल्यावर, त्यांच्या संसदेने पैसे थांबवले. स्टीफन हॉकिंग यांनी तर कण सापडणार नाही अशी १०० डॉलरची पैज लावून ठेवली होती.

मग त्याच जुन्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात नवं यंत्र बसलं, लार्ज हेड्रॉन कोलायडर. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे १०० मीटर. वर्तुळाचा व्यास साधारण पणजी ते जुनं गोवं एवढा. त्यात प्रोटॉन सेकंदाला ११ हजारांहून जास्त फेऱ्या मारतात, दोन झोत समोरासमोर. त्यांना वळवायला १,२३२ मोठे चुंबक, प्रत्येक १५ मीटर लांब, उणे २७१ अंशांवर गोठवलेले. १० सप्टेंबर २००८ ला थाटात पहिला झोत फिरवला आणि नऊ दिवसांनी दोन चुंबकांमधल्या तारेचा एक सांधा जळला. सोल्डरिंग नीट नव्हतं, एवढंच. ठिणगी उडाली, टनांनी हेलियम बाहेर आला, अवजड चुंबक जागेवरून सरकले, आणि काम वर्षाहून जास्त थांबलं. कुठलाही वायरमन हे ऐकून मान डोलावेल.

त्या चुंबकांच्या खाली काय आहे माहीत आहे? जॅक. डिचोली-सांखळीकडे खनिजाच्या ट्रकाखाली लावलेले आपण पाहिलेत तसे, पण सुमारे ३५ टनांचा चुंबक मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतक्या बारकाईने जागेवर बसवणारे. असे सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली. सीएमएस या प्रचंड शोधयंत्राचा एक बाहेरचा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाला. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी याच संस्थेत कितीतरी वर्षं होते. हिग्जशी त्यांचा काही संबंध नाही, पण गोंयकाराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता थेंब पकडण्याचं काम. साधारण शंभर कोटी टकरींत एखादा हिग्ज बोसॉन जन्मतो, आणि जन्मतो म्हणेपर्यंत मोडतो. सेकंदाचे एकावर बावीस शून्यं एवढे भाग केले तर त्यातले एक-दोन भाग हे त्याचं आयुष्य. तो स्वतः कुणालाच दिसत नाही, दिसतात ते त्याचे तुकडे. हजारातले दोनेक हिग्ज दोन फोटॉनांत मोडतात. वाट दुर्मीळ, पण खुणेची, म्हणून तिच्यावर भर. ते फोटॉन टिपायला सीएमएसमध्ये सुमारे ७६ हजार स्फटिक आहेत, काचेसारखे पारदर्शक आणि लोखंडापेक्षा जड. त्याच यंत्राच्या दुसऱ्या थरातलं पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांची आवरणं वितळवून आलं.

दोन फोटॉनांची ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन कळला की, ते एकाच आईचे असतील तर आईचं वस्तुमान काय, ते निघतं. अडचण ही की फोटॉनांच्या बहुतेक जोड्या एका आईच्या नसतातच. भलत्याच घडामोडींतून आलेल्या असतात. सगळ्या जोड्यांचा आलेख मांडला तर अनमोड घाटाच्या रस्त्यासारखा उतरता. मात्र खरोखर एखादा कण असेल, तर त्याच्या वस्तुमानापाशी त्या उतारावर गतिरोधकासारखा एक उंचवटा येतो. आहे की नुसता डोळ्यांचा भास? म्हणून नियम कडक. असा उंचवटा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ३५ लाखांत एकाहून कमी असली तरच शोध म्हणायचं. नाणं उडवल्यावर लागोपाठ बावीसेक वेळा छाप पडणं, जवळपास तसं. शिवाय अ‍ॅटलास आणि सीएमएस हे दोन गट वेगवेगळ्या यंत्रांवर, एकमेकांना न विचारता काम करत होते. सीएमएसवाल्यांनी तर २०१२ च्या आलेखाचा महत्त्वाचा भाग पडताळणी होईपर्यंत स्वतःपासूनच झाकून ठेवला होता. निवडणुकीच्या निकालाआधी तर्क लढवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा संयम जड जाईल.

४ जुलै २०१२. सर्नच्या सभागृहासाठी लोक आदल्या रात्रीपासून रांगेत होते. आधी सीएमएसचे ज्यो इंकांडेला बोलले, मग अ‍ॅटलासच्या फाबिओला जानोत्ती. दोन्हीकडे उंचवटा, एकाच जागी, प्रोटॉनच्या सुमारे १३३ पटींवर. कणांच्या भाषेत १२५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्रेऐंशी वर्षांचे हिग्ज श्रोत्यांत बसून डोळे पुसत होते. ब्राउट आदल्याच वर्षी वारले होते. २०१३ चं नोबेल हिग्ज आणि आंग्लेर यांना मिळालं. त्या दिवशी हिग्ज मुद्दाम घराबाहेर पडले होते, मोबाइल त्यांच्याकडे नव्हताच, आणि बातमी रस्त्यात भेटलेल्या एका जुन्या शेजारणीने दिली. एप्रिल २०२४ मध्ये ते गेले.

भाच्याचा पुढचा प्रश्न सरळ होता. "सापडला ना? मग आता काय करतायत?"

थेंब सापडला, पण तो याच ओलाव्याचा आहे का, हे तपासायचं होतं. त्यासाठी एकच कसोटी: जो कण जितका जड, तितका हिग्ज त्याच्याशी जास्त गुंतला पाहिजे. २०१८ पर्यंत टाऊ (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), बॉटम क्वार्क आणि टॉप क्वार्क या जड मंडळींच्या बाबतीत हे जुळलं. पुढे म्यूऑन या इलेक्ट्रॉनच्या मधल्या वजनाच्या भावंडाचाही अंदाज बरोबर येतोय असे पुरावे आले. आपला इलेक्ट्रॉन आणि बांगड्यातले अप-डाउन मात्र इतकं कमी पितात की त्यांचं हिग्जशी असलेलं नातं थेट मोजणं अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणजे ज्या दहा ग्रॅमची गोष्ट मी सांगितली, ती सिद्धांतावरचा विश्वास आहे. थेट मोजमाप बाकी आहे. न्यूट्रिनो हे अतिशय हलके कण आपलं वस्तुमान याच ओलाव्यातून घेतात की आणखी कुठून, तेही उघडं आहे.

सगळ्यात मोठं कुतूहल हे की हा ओलावा मुळात धरला का. विश्व थंड झाल्यावर क्षेत्र शून्यावर न राहता वर का बसलं? त्याचा माग घ्यायचा तर हिग्ज स्वतःशीच किती गुंततो ते मोजावं लागतं, आणि त्यासाठी एकाच टकरीत दोन हिग्ज एकदम जन्मलेले पकडावे लागतात. एकट्या हिग्जपेक्षा हे हजारपटींहून दुर्मीळ. त्यासाठीच बोगद्यातलं यंत्र आता वाढवलं जातंय, २०३० च्या सुमारास ते कितीतरी जास्त टकरी घडवू लागेल. अशी जोडी अजून कुणालाही खात्रीने दिसलेली नाही.